रूप कोणाचे, चाल कोणाची?

नाशिकच्या मेन रोडवरील किंवा येवल्याच्या पेठेतील कोणत्याही साडीच्या दुकानात अर्धा तास बसून पाहावे. गादीवरचा विक्रेता एकामागून एक साड्या उलगडत असतो. समोरच्या ताईंचे मन एका पैठणीवर रेंगाळले आहे, पण निर्णय होत नाही, हे त्याच्या अनुभवी नजरेला कळते. मग तो उठून उभा राहतो, झरझर चार निऱ्या घालतो, काठ नीट बसवतो, पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकतो आणि आरशाकडे वळतो. मिशा असलेला, खिशाला पेन लावलेला तो गृहस्थ घटकाभर पैठणी नेसून उभा असतो. पण दुकानात कोणी हसत नाही, कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पाहणाऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे नसतेच, ते साडीकडे असते. सौदा ठरला की पदर उतरतो, घडी होते आणि तो पुन्हा आपल्या जागी बसतो.

हे दृश्य आठवण्याचे कारण गेल्या चातुर्मासात घडलेला एक प्रसंग आहे. रविवारचे प्रवचन संपल्यावर एक परिचित गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. साड्यांचा त्यांचा व्यवसाय तीन पिढ्यांचा. धर्माराधनेत नियमित, बोलण्यात मोजके. म्हणाले, "काका, जरा खासगी बोलायचे होते. घरात कोणाला सांगू नका."

त्यांचा मुलगा अठरा वर्षांचा. सकाळी महाविद्यालय, संध्याकाळी दुकान आणि रात्री मोबाइलवर खेळ. एके रात्री वडील सहज त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर लांब वेणी घातलेली एक तरुणी रानातून धावत होती. त्यांना वाटले, ती दुसरीच कोणी खेळाडू असेल. विचारल्यावर कळले की ती तरुणी म्हणजे खुद्द त्यांचा मुलगा. "दोन वर्षे झाली, तो मुलगी होऊनच खेळतो आहे. असे का करत असेल? आमच्या संस्कारांत काही कमी राहिले का?" त्यांच्या आवाजात रागापेक्षा लाज अधिक होती. घरात दोन दिवस अबोला होता आणि मोबाइल काढून घ्यावा, असे त्यांच्या मनात होते.

मी विचारले, "तुम्ही तरुणपणी गादीवर बसत होता. तेव्हा किती पदर खांद्यावर घेतले असतील?"

ते क्षणभर थांबले. "तो धंदा होता, काका," एवढेच म्हणाले.

उत्तर खरे होते, पण पुरेसे नव्हते. वाचकहो, हा प्रश्न एका घराचा नाही. ज्या घरी पंधरा ते पंचवीस वयाचा मुलगा आहे, त्या बहुतेक घरी आज हे खेळ आहेत. तेव्हा जरा शांतपणे पाहू या.

आजच्या अनेक खेळांत खेळाडूला प्रारंभी एक पात्र निवडावे लागते. ते पुरुष असू शकते, स्त्री असू शकते, कधी पशू किंवा राक्षसही असू शकतो. केस, वस्त्रे, अलंकार, सारे निवडता येते. या पात्राला जगभर 'अवतार' असे म्हणतात. शब्द भारतीय आहे; 1980 च्या दशकात तो संगणकाच्या खेळांत गेला आणि तेथेच रुळला. आपल्या दर्शनाच्या दृष्टीने मात्र तो नेमका नाही. आपल्याकडे कोणी वरून खाली अवतरत नाही. जीवच आपल्या पुरुषार्थाने वर चढतो. आपल्याकडचा त्याहून जवळचा शब्द 'पर्याय' हा आहे. सोने तेच राहते. कधी कंकण होते, कधी मुकुट. खेळातले पात्र हा तासाभराचा पर्याय आहे, असे म्हटले तर सराफाच्या घरातल्या मुलालाही ते चटकन समजेल.

त्या मुलाशी मी बोललो. वडील समोर नसताना बोललो, हे बरे झाले. तो म्हणाला, "आजोबा, खेळताना आपले पात्र पाठीमागून दिसते. दोन-दोन तास एखाद्या धिप्पाड माणसाची पाठ काय बघायची?" पुढे म्हणाला, "आणि मुलांच्या कपड्यांत असते काय? जॅकेट नाहीतर शर्ट. मुलीच्या पात्राला किती रंग, किती तऱ्हा!" हे ऐकून मला हसू आले. तीन पिढ्या काठ-पदरात वाढलेल्या घरातील मुलाची दृष्टी वस्त्रावर जाणारच.

जगभरच्या मुलांकडून साधारण हीच कारणे सांगितली जातात. पहिले कारण नजरेचे. या खेळांतला कॅमेरा पात्राच्या पाठीशी असतो. म्हणून खेळाडू आपल्या पात्राला 'मी' असे जितके समजतो, तितकेच 'समोर दिसणारी आकृती' असेही समजतो. दुसरे कारण सोयीचे. स्त्रीरूप घेतले की अनोळखी खेळाडू मदत करतात, वस्तू भेट देतात, चुका पोटात घालतात, असा अनेकांचा अनुभव आहे. तिसरे कारण कुतूहलाचे: जे आपण नाही, ते होऊन पाहावे. आणि चौथे कारण सहसा कोणी उघड बोलत नाही. आपल्या मुलांना आपण लहानपणापासून एकच भूमिका देतो. रडायचे नाही, घाबरायचे नाही, नटायचे नाही, उद्या दुकान सांभाळायचे आहे. त्या भूमिकेतून घटकाभर सुटण्याची एक लहानशी खिडकी त्यांना येथे सापडते.

यांतले एकही कारण लज्जास्पद नाही. पण सारीच कारणे निर्मळ आहेत, असेही नाही. 1996 साली 'टूम रेडर' हा खेळ निघाला. त्याची नायिका लारा क्रॉफ्ट ही साहसी, बुद्धिमान, पुराणवस्तूंची शोधक. लाखो मुलांनी ती होऊन गुहा ओलांडल्या. परंतु तिची आकृती घडवताना आणि तिच्या जाहिराती करताना पुरुषांच्या नजरेचा विचार झाला होता, हेही तितकेच खरे. स्त्रीचे रूप 'होण्यासाठी' घेतले की 'पाहण्यासाठी' घेतले, हा भेद सूक्ष्म आहे आणि तो ज्याचा त्याने तपासायचा आहे. काही थोड्या मुलांसाठी ही निवड मनाच्या अधिक खोल भागातूनही आलेली असू शकते. तसे असेल तर त्याला धाकाची नव्हे, ऐकून घेणाऱ्या माणसाची गरज असते. मात्र केवळ पडद्यावरच्या पात्रावरून मुलाबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे खांद्यावरचा पदर पाहून विक्रेत्याबद्दल निष्कर्ष काढण्यासारखे आहे.

आपल्याच शहराच्या इतिहासात या प्रश्नाचा एक जुना धागा आहे. दादासाहेब फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि 1944 साली नाशिकमध्येच त्यांनी देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याचे त्यांचे स्मारक आपण सहलीला जाऊन पाहतो. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' करताना त्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. कुलीन घरातल्या स्त्रियांचे राहोच, नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिला. शेवटी मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकच देह, पण प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडले.

रंगभूमीवर त्याच काळात बालगंधर्व होते. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे मूळ नाव. त्यांची साडी नेसण्याची ढब, केसांत गजरा माळण्याची पद्धत घराघरांतल्या स्त्रियांनी उचलली. पुरुषाने स्त्रीचे रूप घेतले आणि स्त्रियांनी ते त्याच्याकडून परत घेतले! त्या काळी कोणी बालगंधर्वांच्या संस्कारांविषयी शंका घेतल्या असतील तर त्या आज कोणाला आठवतही नाहीत. आठवतो तो त्यांचा स्वर आणि त्यांचे चालणे.

पण या गौरवाच्या गोष्टीची दुसरी बाजू आपण विसरतो. पुरुष स्त्रीभूमिका करीत होते, याचे मोठे कारण स्त्रियांना तेथे उभे राहण्याची मुभा नव्हती हे होते. रूप स्त्रीचे हवे होते, स्त्री नको होती. हे दार उघडण्याचे एक पाऊल नाशिकच्या नावावर आहे. 'राजा हरिश्चंद्र' नंतर फाळके 1913 सालीच नाशिकला आले आणि येथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' हा चित्रपट केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई, ज्या पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेल्या. भारतीय चित्रपटात स्त्रीने स्त्रीची भूमिका केली ती येथे. योग असा की कथाही पुरुषाने स्त्रीरूप घेण्याचीच होती. आणि ते रूप पडद्यावर साकारले एका मुलीने. पुढे 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. मुलगी कृष्ण झाली, आणि तेही लोकांनी मनापासून स्वीकारले.

आता एक अभ्यास सांगतो, कारण तो मला बालगंधर्वांच्या चालण्याची आठवण करून देणारा वाटला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातील 375 खेळाडूंचे निरीक्षण करून रोझा मिकील मार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील पुरुषांपैकी 23 टक्के खेळाडूंनी स्त्रीपात्र निवडले होते. स्त्रियांपैकी 7 टक्क्यांनी पुरुषपात्र. स्त्रीरूप घेतलेले पुरुष सुंदर पात्र आणि रूढ स्त्रीसुलभ केशरचना निवडत होते, बोलताना भावनेचे शब्द आणि उद्गारचिन्हे अधिक वापरत होते. पण त्यांच्या हालचाली बदलल्या नव्हत्या. ते इतरांपासून अंतर राखून उभे राहत, उड्या अधिक मारत, मागे मागे अधिक सरकत, म्हणजे इतर पुरुष खेळाडूंसारखेच वागत. वेश बदलला, भाषा थोडी बदलली, चाल मात्र बदलली नाही.

बालगंधर्वांनी ती चाल वर्षानुवर्षे साधनेने कमावली होती. त्यासाठी स्त्रीकडे पाहावे लागते: ती दारात कशी थबकते, वडीलधाऱ्यांसमोर पदर कसा सावरते, मनातले न बोलता कशी उभी राहते. खेळात या पाहण्याची गरज पडत नाही. एक बटण दाबले की रूप मिळते. आणि जे एका बटणाने मिळते, त्याबरोबर स्त्रीचा अनुभव येत नाही.

हे मला पुस्तकातून कळले होते; समोर दिसले ते त्या घरातच.

मी मुलाशी बोलत होतो तेव्हा त्याची मोठी बहीण पाणी घेऊन आली. वय वीस. वाणिज्य शाखेची पदवी घेते आहे. ती सहज म्हणाली, "आजोबा, तोच खेळ मीही खेळते. पण मी नाव मुलाचे घेतले आहे." वडिलांना हे ठाऊक नव्हते. भावाला ठाऊक होते. मी कारण विचारले. तिने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिणे मला शक्य नाही. सभ्य शब्दांत एवढेच की सुरुवातीला ती स्वतःच्या नावाने खेळत असे आणि बोलतही असे. आवाज ऐकताच संघातले अनोळखी मुलगे आधी चेष्टा करू लागले, मग मोबाइल क्रमांक मागू लागले, आणि डाव हरला की सारा दोष तिच्यावर टाकून शिवीगाळ करू लागले. स्वयंपाकघरात जा, हे तर नेहमीचेच. तेव्हापासून तिने नाव बदलले आणि माइक कायमचा बंद ठेवला. आता ती चांगली खेळते, पण मुकी राहून खेळते.

मी मुलाकडे पाहिले. तो खाली पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्या संघातही एकदा असे झाले होते. एक मुलगी होती. सगळे बोलत होते." मग, आणखी थोडे थांबून, "मी हसलो होतो."

त्या वेळीही पडद्यावर त्याचे पात्र वेणी घातलेल्या तरुणीचेच होते.

वाचकहो, माझ्या मते या विषयाचा गाभा येथे आहे. शंभर वर्षांपूर्वी रंगमंचावर स्त्रीचे रूप चालत होते, स्त्री चालत नव्हती. आजच्या खेळातही मुलगा स्त्रीचे रूप घेऊन मोकळेपणाने फिरतो, आणि त्याच घरातली मुलगी आपले नाव लपवते. मुलगा खेळ संपला की पदर उतरवून ठेवतो. मुलीला उतरवण्यासारखे काही नसते. आपल्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर रूप तो उसने घेतो आणि त्याचे व्याज दुसरीच कोणी भरते. म्हणून वडिलांनी विचारायचा प्रश्न 'तू मुलगी का होतोस?' हा नाहीच. 'तुझ्यासमोर एखाद्या मुलीला कोणी घालून पाडून बोलले, तेव्हा तू काय करतोस?' हा आहे.

आपले शास्त्र या बाबतीत आपल्याला बरेच काही देते. मोहनीय कर्माच्या नऊ नोकषायांत हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा यांच्याबरोबर स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद यांची गणना होते. देहाची रचना म्हणजे द्रव्यवेद, मनाचा भाव म्हणजे भाववेद, हा भेदही आपल्या आचार्यांनी फार पूर्वी केला. स्त्रीपर्यायासंबंधी काही प्रश्नांची उत्तरे आपल्या परंपरांनी वेगवेगळी दिली आहेत. पण आत्म्याला स्वतःला लिंग नाही आणि प्रत्येक जीव अनादी संसारात नाना पर्यायांतून फिरून आला आहे, यावर सर्व एकमत आहेत. हे ज्याला खरोखर पटले, त्याला मुलाच्या पडद्यावरील वेणीचे भय वाटण्याचे कारण नाही. आणि ज्याला ते पटले, त्याने कोणत्याही मुलीला ती मुलगी आहे एवढ्यावरून हिणवण्याचेही कारण नाही. दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वातून येतात; पहिली घेऊन दुसरी सोडता येत नाही.

तरीही रूप म्हणजे केवळ वरचे वस्त्र, त्याचा आत काही परिणाम होत नाही, असे मी म्हणणार नाही. दिगंबर परंपरेत ब्रह्मगुलाल या बहुरूप्याची कथा सांगतात. तो जे सोंग घेई ते हुबेहूब वठवी. एकदा त्याने राजसभेत सिंहाचे सोंग घेतले. त्याला डिवचले गेले, आणि सिंहाच्या आवेशात त्याच्या हातून राजपुत्राचा वध झाला. शोकाकुल राजाने पुढे त्याला मुनीचे रूप घेऊन उपदेश करण्यास सांगितले. ब्रह्मगुलालाने ते रूप घेतले, संसाराच्या अनित्यतेचा उपदेश केला, राजाचे मन शांत झाले. राजा म्हणाला, आता सोंग उतरव. पण ब्रह्मगुलालाने ते उतरवले नाही. हे रूप एकदा घेतले की उतरवण्याचे नसते, असे सांगून तो वनाकडे चालू लागला. सिंहाचे सोंगही आत उतरले होते, मुनीचेही उतरले.

आधुनिक संशोधकांनाही असेच काहीसे दिसले आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्यांना उंच पात्र दिले होते, ते पैशांच्या वाटणीची बोलणी करताना अधिक ठाम राहिले. ज्यांना देखणे पात्र मिळाले, ते समोरच्याच्या अधिक जवळ जाऊन मोकळेपणाने बोलले. सौदा करणाऱ्यांना हे नवे वाटू नये. नवा कोट घालून बाजारात गेलेल्या माणसाचा आवाज बदलतो, हे आपण जाणतोच.

आणि म्हणूनच त्या वडिलांना मी आणखी एक गोष्ट विचारली. "मुलाच्या पात्राची वेणी तुम्हाला दिसली. तिच्या हातात काय होते, ते पाहिले का?" तिच्या हातात बंदूक होती. रूप मुलीचे होते हे खटकले, आणि त्या रूपाकडून रोज रात्री पन्नास माणसे मारली जात होती हे खटकले नाही! राजा यशोधराने खराखुरा कोंबडा मारला नव्हता. पिठाचा कोंबडा बळी दिला होता, आणि तेवढ्या संकल्पासाठी त्याला किती भव भोगावे लागले, हे आपण चरित्रांतून वाचतो. पडद्यावरचा वध आणि पिठाचा कोंबडा यांत किती अंतर आहे, याचा विचार प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक तरुणाने स्वतः करावा. अनर्थदंडविरमण व्रताचे नाव आपण प्रतिक्रमणात घेतो. त्याची जागा आता मोबाइलच्या पडद्यावरही आहे.

मग करायचे काय? मोबाइल हिसकावून घेण्याने मूल आपल्यापासून दूर जाते आणि खेळ मित्राच्या घरी सुरू राहतो. त्यापेक्षा एक रात्र मुलाशेजारी बसावे. पात्र कोणते निवडलेस, का निवडलेस, हे चेष्टा न करता विचारावे. पात्राला नटवण्यासाठी पैसे लागत असतील तर ते किती, कोणाचे आणि कोणाला विचारून, याचा हिशेब मांडायला सांगावा. खेळण्याची वेळ ठरवावी आणि ती स्वतःही पाळावी. आपल्या हातातला मोबाइल बाजूला न ठेवता मुलाला उपदेश करणे फोल आहे. हिंसेचे खेळ कमी होऊन कोडी, नगररचना, शर्यत, बुद्धिबळ असे खेळ वाढतील तर उत्तमच. आणि घरात मुलगी असेल तर तिलाही विचारावे. तिला खेळायला आवडते का, कोणत्या नावाने खेळते आणि का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची तयारी मात्र ठेवावी.

त्या घरी मी पुन्हा गेलो तो दिवाळीच्या पाडव्याला, वहीपूजनाच्या वेळी. बहीण-भाऊ आता एकाच संघात खेळतात, असे मुलाने सांगितले. पात्र त्याचे तेच आहे, वेणी घातलेले. कोणी ताईला काही बोलले तर तो आधी अडवतो, आणि ऐकले नाही तर दोघेही डाव सोडून निघून जातात. "बरेच डाव बुडतात, आजोबा," तो म्हणाला. वडिलांनी त्याच्या पात्राविषयी पुन्हा काही विचारले नव्हते. कदाचित अजूनही त्यांना ते पूर्ण रुचले नसेल. पण अबोला संपला होता.

पूजा आटोपल्यावर मुलगी नव्या वहीवर पहिली नोंद करीत होती. अक्षर मोत्यासारखे, आकडे त्याहून नेटके. भगवान ऋषभदेवांनी लिपी ब्राह्मीला दिली आणि अंक सुंदरीला. विद्येचे पहिले दान आपल्या दोन कन्यांना दिले, हे आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो. मी वडिलांना हळूच विचारले, "हिशेब तिचे इतके चांगले आहेत. रविवारी तिला दुकानात गादीवर का बसवत नाही?"

मुलगा हसून म्हणाला, "पप्पा, ती बसली तर साडी नेसून दाखवायला मला उभे राहावे लागणार नाही."

वडिलांनी वहीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले. म्हणाले, "पाहू, काका. लग्नसराई सुरू होऊ द्या."

लग्नसराई आता तोंडावर आहे. मी मेन रोडने येता-जाता त्या दुकानाकडे पाहत असतो.

जय जिनेंद्र.